रेघेवरचा पत्ता

बंदराच्या संगणक विभागात एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या. थोरलीने लग्न केलं नव्हतं, म्हणून तिचं आडनाव माहेरचंच राहिलं. धाकटीने थोरलीच्या भावाशी लग्न केलं, म्हणून तिला तेच मिळालं. फोन आला की उचलणारा विचारी, "थोरल्या बाई हव्यात की धाकट्या बाई?" तेच पुढे त्यांचं नाव होऊन बसलं. दोघींची टेबलं शेजारी शेजारी होती. मध्ये कंबरेपेक्षा जरा उंच, राखाडी कापड लावलेलं पार्टिशन. गेली दोन वर्षं त्या पार्टिशनवरून एकही शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता.

कामाचं काही अडलं तर निरोप साहेबांमार्फत जाई. विभागप्रमुख म्हणजे गोल चेहऱ्याचा, कुणालाही न दुखावणारा माणूस. समोरचा काही बोलायला लागला की वाक्य पुरं व्हायच्या आत तो "हो, हो" म्हणे, म्हणून विभागात त्याला हो-हो साहेब म्हणत. नणंद-भावजयीच्या मधला टपाल्या होण्याचं काम त्याच्याकडे आपसूक आलं आणि त्याने ते तक्रार न करता केलं. उलट त्याला ते आवडत असावं. दोघींपैकी कुणीही त्याच्याशी इतकं अदबीने एरवी बोललं नसतं.

भांडणाचं कारण थोरलीची आई, म्हणजे धाकटीची सासू. म्हातारी मुलाकडे राहायची. शेवटच्या काळात तिचं डोकं जागेवर राहिलं नाही. एकदा गॅस चालू ठेवून ती घराबाहेर पडली आणि भर रस्त्यात ट्रकसमोर उभी राहिली. त्यानंतर धाकटी कामावर निघताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागली. शेजारणीकडे एक किल्ली ठेवली होती, ती दुपारी येऊन जेवण वाढून जाई. थोरली एके दिवशी न सांगता आईला भेटायला गेली, तर दाराला कुलूप आणि आतून आई दार ठोठावतेय. तिने तो प्रसंग मनात ठेवला. काही महिन्यांनी म्हातारी झोपेतच गेली. तिला निरोप देऊन सगळे घरी परतले, तेव्हा चार पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली, "आईला हिने कोंडून मारलं."

धाकटीने हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

मधल्या मध्ये थोरलीच्या भावाची पंचाईत झाली. तो बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनवर चालक होता. धक्क्यावरची माणसं त्याला गरुड म्हणत, कारण तो दिवसभर उंच काचेच्या केबिनमध्ये बसून मान खाली घालून बघत असे. बहिणीला तो तिच्या घरी जाऊन भेटे आणि बायकोला सांगताना "जरा फिरून आलो" म्हणे. बायकोला ते कळे. ती विचारत नसे.

दोघींचं काम मात्र एकमेकींत अडकलेलं होतं. बंदरावर जहाज लागलं की त्यावर कुठला कंटेनर कुठे आणि कुठल्या क्रमाने चढवायचा, हे मेनफ्रेमवरचा, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचा, एक प्रोग्राम ठरवी. त्याला सगळे 'भरणी' म्हणत आणि तो धाकटीकडे होता. कंटेनर कसेही रचून चालत नाहीत. वजन एका बाजूला गेलं तर जहाज कलतं. म्हणून भरणी दर टप्प्याला एका लहान रूटीनला, म्हणजे मदतीच्या प्रोग्रामला, बोलावी आणि विचारी की एवढं चढवल्यावर जहाज किती कलेल. ते रूटीन म्हणजे 'तोल'. ते थोरलीने तरुणपणी लिहिलं होतं. दोन्ही असेम्बलरमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, जिथे आकडा कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्राच्या हाताशी असलेल्या कप्प्यात, धरायचा आणि मेमरीत कुठल्या पत्त्यावर ठेवायचा हे लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं.

असेम्बलरमध्ये एका रूटीनने दुसऱ्याला बोलावायची ठरलेली रीत आहे. परत कुठे यायचं तो पत्ता चौदा नंबरच्या रजिस्टरमध्ये, जायचं कुठे तो पंधरामध्ये, सोबत दिलेल्या मालाचा, म्हणजे माहितीचा, पत्ता एक नंबरमध्ये. तेरा नंबर बोलावणाऱ्याची राखीव जागा दाखवतो. आलेल्याने आल्या आल्या बोलावणाऱ्याची सगळी रजिस्टरं त्या जागेत नीट ठेवायची, आपलं काम करायचं आणि निघताना ज्याचं त्याला जसंच्या तसं परत करायचं. हे सगळं यंत्र करून घेत नाही. दोन्ही बाजूंनी पाळलं तर चालतं, नाही तर नाही. थोरली ही रीत इतकी कसोशीने पाळी की नव्याने लागलेल्यांना शिकवायला तिचंच रूटीन दाखवत.

तोल लिहिलं गेलं तेव्हा यंत्रातला पत्ता चोवीस बिटांचा असे. त्यात मावेल तेवढीच मेमरी. जिथे ती संपे, त्या जागेला कामातली माणसं नुसतं 'रेघ' म्हणत. पुढे यंत्र बदललं, पत्ता एकतीस बिटांचा झाला आणि रेघेच्या वर मोकळं माळरान पसरलं. पण जुनी रूटीनं मोडीत निघू नयेत म्हणून नव्या यंत्राला दोन्ही रीती येत. रूटीन जुन्या रीतीने चालत असेल, तर यंत्र पत्त्याचा वरचा तुकडा बघतच नसे. घराचा नंबर पाच हजार चाळीस आहे आणि टपालवाल्याला फक्त शेवटचे दोन आकडे वाचता येतात, असं समजा. टपाल तो चाळीस नंबरच्या घरात टाकून जाईल आणि आपण काही चुकलो असं त्याला वाटणारही नाही.

जहाजं मोठी होत गेली तशी भरणीची यादी रेघेच्या खाली मावेना. तेव्हा वरून हुकूम आला की भरणी एकतीस बिटी करा, यादी रेघेच्या वर न्या. धाकटीने ते काम घेतलं आणि चोख केलं. फक्त एक प्रश्न राहिला. तोलचं काय?

हा प्रश्न तिने पार्टिशनवरून विचारला असता तर एका मिनिटाचं काम होतं. ती उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"तोल एकतीस बिटी झालंय का, तेवढं विचारून घ्याल?"

"हो, हो," साहेब म्हणाले.

दुपारी ते चहाचा कप घेऊन थोरलीच्या टेबलापाशी आले. "बाई, ते तोल तयार आहे ना? भरणीचं काम संपत आलंय."

थोरलीला हा प्रश्न लागला. तिचं रूटीन तयार आहे का? इतकी वर्षं ते एकदाही चुकलं नव्हतं. ते जुन्या रीतीचं आहे हे तिने त्याच्या कपाळावर लिहून ठेवलेलं होतं. बोलावणाऱ्याने ते बघावं, रीत बदलून बोलवावं आणि माल रेघेच्या खाली आणून द्यावा, हा साधा नियम. तो भावजयीला कुणी सांगायला हवा होता का?

"ते कधीचं तयार आहे," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

साहेब परत गेले आणि धाकटीला म्हणाले, "तयार आहे. एकतीसला तयार आहे."

'एकतीसला' हा शब्द त्यांचा स्वतःचा होता. त्यात खोटेपणा नव्हता. निरोप जरा पूर्ण करून द्यावा, इतकंच त्यांच्या मनात होतं.

चाचण्या झाल्या. चाचणीला लहान जहाजांची जुनी माहिती घेतली होती. लहान यादीला धाकटीने पूर्वीसारखी रेघेखालचीच जागा ठेवली होती, त्यामुळे आकडे बरोबर आले. नवी भरणी कामाला लागली. काही आठवडे काहीच झालं नाही.

मग एक लांबलचक जहाज सकाळी धक्क्याला लागलं. त्याची यादी रेघेच्या वर गेली. भरणीने तोलला रीतसर बोलावलं आणि यादीचा पत्ता दिला. तोलने जुन्या रीतीप्रमाणे पत्त्याचा वरचा तुकडा सोडला आणि उरलेल्या पत्त्यावर जाऊन वाचलं. तिथे मोकळी जागा असती किंवा मनाई असती, तर प्रोग्राम आदळून बंद पडला असता आणि कुणाला काही दुखलं नसतं. पण तिथे आधीच्या जहाजाच्या कंटेनरांची नोंद पडून होती. तशीच आखणी, तसेच रकाने, तशीच वजनं. तोलने त्या जहाजाचा हिशेब केला आणि तोल अगदी ठीक आहे असं कळवलं.

जहाजाच्या अधिकाऱ्यानेही आपल्या परीने वजनं तपासायची असतात. त्याला पक्की यादी उशिरा मिळाली आणि ती मिळेपर्यंत त्याने काम सुरू होऊ दिलं.

गरुड वर केबिनमध्ये होता. धक्क्याकडच्या बाजूला जड कंटेनर एकावर एक चढत होते. नंतर त्याच्या लक्षात आलं की जहाजाचा कठडा सकाळपेक्षा त्याच्याकडे सरकलेला दिसत होता, पण हे हळूहळू झालं आणि त्याची नजर दोरावर होती. जहाजाच्या पोटात कंटेनर उभ्या लोखंडी खाचांतून खाली सोडतात. जहाज कललं की खाचाही कलतात. त्याने उतरवायचा एक रिकामा कंटेनर वर ओढायला घेतला, तो मध्येच तिरका होऊन अडकला. दोर ताणला गेला, सबंध क्रेन पुढे खेचली गेली आणि दुसऱ्या क्षणी सुटून मागे आली. केबिनमधला माणूस समोरच्या लोखंडी चौकटीवर आपटला.

खाली कुणाला लागलं नाही. जहाजाने दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी भरून घेतलं आणि ते सावकाश सरळ झालं. गरुडाला खाली आणायला मात्र वेळ लागला, कारण शिडी अरुंद होती आणि त्याला हाताने धरता येत नव्हतं.

इस्पितळात दोघी वेगवेगळ्या गाड्यांतून पोचल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गळ्याखालचं हाड मोडलंय, बरगड्याही मोडल्यात, खांद्याचं नंतर बघू. "जिवाला धोका नाही. फक्त त्यांना हसवू नका."

हसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पलंगाच्या एका बाजूला बायको उभी राहिली, दुसऱ्या बाजूला बहीण. तो श्वास तोडून तोडून बोलला.

"जहाज माझ्याकडेच आलं गं ताई. प्लॅनप्रमाणे चढवत होतो. एकही डबा इकडचा तिकडे केला नाही." मग बायकोकडे वळून त्याने विचारलं, "प्लॅन कुणाचा होता?"

धाकटी म्हणाली, "भरणीचा."

"आणि तोल?"

त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"म्हणजे घरचाच मामला," तो म्हणाला आणि हसायला गेला. मग दुखलं म्हणून डोळे मिटून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. दोघी दोन वर्षांत प्रथमच एका बाकावर बसल्या. साहेबांचा चेहरा उतरला होता. चौकशीसाठी बाहेरून एक अधिकारी येणार होता आणि त्याआधी काय झालं ते शोधायचं होतं. "दोघींनी मिळून बघा," ते म्हणाले आणि त्यांना बैठकीची खोली उघडून दिली. दार बाहेरून लोटून घेताना ते क्षणभर घुटमळले, मग ते उघडंच ठेवून गेले.

प्रोग्राम आदळला नव्हता, त्यामुळे तपासायला काही मागे उरलेलं नव्हतं. धाकटीने त्याच जहाजाची माहिती पुन्हा घालून भरणी चालवली आणि तोलमध्ये शिरल्या क्षणी यंत्र थांबवून मेमरीची छापील प्रत, म्हणजे डंप, काढून घेतला. जाडजूड गठ्ठा. आकड्यांचे आणि अक्षरांचे रकानेच्या रकाने. थोरलीने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि गठ्ठा आपल्याकडे ओढला. धाकटीने तो परत मधोमध आणला.

बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आवाज होता.

"एक नंबर," थोरली म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

धाकटीने बोट ठेवलं. "हा मी दिलेला पत्ता."

"हा तू दिलेला. आणि तोलने वाचलं ते इथून." पेन्सिल दुसऱ्या पानावर गेली. "वरचे दोन आकडे गेले."

"गेले कसे? रूटीन एकतीसचं आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. तुम्हीच म्हणालात म्हणे, एकतीसला तयार आहे."

"मी म्हणाले तयार आहे. एकतीस हा आकडा माझ्या तोंडातून निघालेला नाही." थोरलीने पेन्सिल खाली ठेवली. "रूटीनच्या माथ्यावर लिहिलंय ते कुठल्या रीतीचं आहे. ते तू वाचलं नाहीस?"

"तुम्ही बदललंय म्हटल्यावर जुनं कशाला वाचू?"

"वाचायचं असतं!"

"आणि तुम्ही ते बदललं का नाहीत? एवढं सगळं खातं बदललं. एका ओळीचं काम होतं."

"एका ओळीचं!" थोरली हसली, पण ते हसू बरं नव्हतं. तिने डंपमधलं तोलचं पान काढलं. "हे बघ. त्या काळात मेमरी तोळ्या-माशाने मिळायची. पत्त्याचा वरचा तुकडा यंत्र बघत नाही म्हटल्यावर ती जागा फुकट का घालवायची? मी तिथे खुणा ठेवल्यात. हा कंटेनर थंड मालाचा, हा ज्वालाग्राही, हा रिकामा. उद्या ह्याला एकतीस बिटी केलं तर यंत्र त्या खुणांनाच पत्ता समजेल. सगळं रूटीन उसवून शिवावं लागेल."

धाकटीने पान जवळ घेऊन वाचलं. तिला राग आला होता, पण रूटीन सुरेख होतं आणि तिला ते दिसत होतं.

"म्हणजे पत्त्याच्या डोक्यावर गाठोडं दिलंत," ती म्हणाली.

"दिलं. तेव्हा सगळेच देत."

"हे मला माहीत नव्हतं."

"मग विचारायचं होतंस! दोन हातांवर बसते मी. विचारायला काय जीभ झिजली असती?"

धाकटीने डंप मिटला. तिचा आवाज चढला नाही. "मी कुणाला विचारायचं होतं? मला खुनी म्हणणाऱ्या बाईला?"

बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली. थोरली उठली, दार लावून आली आणि पुन्हा बसली. ती बराच वेळ डंपच्या कडेला बोटांनी घड्या घालत होती.

"दिवसभर काय करायची ती?" तिने अखेर विचारलं.

"कोण?"

"आई. कुलूप असताना."

धाकटीला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "खिडकीत बसायची. रस्त्यावरचे ट्रक बघायची. मी चहाच्या सुट्टीत फोन करायचे, तर ती मला शेजारीण समजून माझ्याबद्दलच तक्रार करायची. सून फार लवकर घरातून जाते म्हणायची." ती थांबली. "तुमच्याबद्दल बोलायची. मुलगी मोठ्या यंत्रावर काम करते म्हणून सांगायची. रोज."

"मला तर ती ओळखायची नाही."

"समोर आलात की नाही ओळखायची. पाठीमागे ओळखायची."

थोरलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुम्हाला कितीदा म्हटलं होतं, आठवड्यातला एक दिवस तरी या," धाकटी म्हणाली. "एक दिवस कुलूप कमी लागलं असतं."

"येववत नव्हतं. दारात उभी राहिले की म्हणायची, कोण हवंय तुम्हाला? मला. 'तुम्हाला' म्हणायची." थोरलीचा आवाज कोरडाच होता. "त्या दिवशी तिने आतून दार ठोकलं, तेव्हा मी हाक मारली. ती म्हणाली, मुलीला बोलवा. मी म्हटलं, मीच आहे. तर ठोकायचीच थांबली."

धाकटीला हे माहीत नव्हतं. "चहा आणते," म्हणून ती उठली आणि चहाच्या यंत्रातून दोन कप घेऊन आली. थोरलीचा बिनसाखरेचा आणला. ते तिच्या लक्षात होतं.

"मी जे म्हणाले ते म्हणायला नको होतं," थोरली कपाकडे बघत म्हणाली.

"नको होतं," धाकटी म्हणाली.

ह्यापलीकडे त्या विषयावर दोघी बोलल्या नाहीत. चहा पिऊन त्यांनी पुन्हा डंप उघडला.

चौकशी अधिकारी म्हणजे एक उंच, सर्दीने बेजार झालेला गृहस्थ होता. त्याला संगणकातलं बरंच कळत होतं, असेम्बलर मात्र त्याने कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं. त्याला अहवालात एक रकाना भरायचा होता: चूक कोणाची. साहेब त्याच्या शेजारी बसले होते. प्रश्न आला तसे ते पुढे झाले.

"थोरल्या बाईंनी तयार आहे असं सांगितलं होतं. मी स्वतः विचारलं होतं."

"काय शब्दांत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो, हो, म्हणजे, तयार आहे असंच."

"आणि तुम्ही ह्यांना काय सांगितलंत?"

साहेबांनी रुमाल काढला. "तेच. साधारण तेच."

अधिकारी धाकटीकडे वळला. थोरली समोरच्या भिंतीकडे बघत होती. सगळा दोष नणंदेवर ढकलायची सोय धाकटीपुढे तयार होती आणि साहेबांनी ती तिच्यासाठी मोकळी करून दिली होती. तिने ती घेतली नाही. त्यामागे मोठेपणा होता असं तिने नंतर कधी म्हटलं नाही. गरुडाने पहिला प्रश्न विचारला होता, 'प्लॅन कुणाचा?' आणि प्लॅन तिचा होता.

"मी ज्याला बोलावते ते कुठल्या रीतीने चालतं, हे मीच बघायचं असतं," ती म्हणाली. "मी बघितलं नाही. आणि मोठ्या जहाजाची चाचणीही केली नाही."

"पण तुम्ही दोघी शेजारीच बसता ना? थेट का नाही विचारलंत?"

"आम्ही बोलत नव्हतो."

"का?"

"घरगुती कारण."

अधिकाऱ्याने पेन उचललं, मग कागदाकडे पाहिलं. अशा कारणासाठी अहवालात जागा नव्हती.

"माझंही लिहा," थोरली म्हणाली. "साहेबांनी विचारलं तेव्हा मी एका वाक्यात उत्तर दिलं. दुसरं वाक्य बोलायला हवं होतं. जुन्या रीतीचं आहे, माल खाली आणून द्या. मी बोलले नाही, कारण तिला ते माहीत असायला हवं असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, अडली तर अडू दे, असंही वाटलं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि तो बराच वेळ लिहीत राहिला.

अहवाल आला तेव्हा त्यात दोघींना ताकीद होती. चालू यंत्राला हात लावायची परवानगी दोघींची काही काळ काढून घेतली. सगळ्यात मोठ्या जहाजाची चाचणी झाल्याखेरीज यापुढे काहीही बदलायचं नाही, असा नियम झाला. तोंडी निरोपावर काम करायचं नाही, असाही. साहेबांची बदली सामानाच्या कोठाराकडे झाली. तिथे लोक कागद आणि शाई मागायला येत आणि 'हो, हो' म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नसे. ते तिथे रमले असं ऐकिवात आहे.

दुरुस्ती दोघींनाच करायची होती. करणार दुसरं कोण? तोल उसवायला वेळ लागणार होता आणि जहाजं थांबणार नव्हती. म्हणून भरणी आणि तोल यांच्या मध्ये बसेल असं एक लहानसं रूटीन लिहायचं ठरलं. ते यादी रेघेच्या वरून खाली उतरवणार, यंत्राची रीत बदलून तोलला बोलावणार, उत्तर घेऊन पुन्हा रीत बदलणार आणि भरणीकडे परत जाणार. आकाराने पानभर. लिहायला आठवडा गेला, कारण दर ओळीला वाद झाला. थोरलीचं म्हणणं, राखीव जागाही रेघेच्या खालीच हवी, नाही तर तोल आपली रजिस्टरं भलतीकडे ठेवील. धाकटीचं म्हणणं, ते मला कळतं, तुम्ही ओरडू नका. मग थोरली म्हणे, मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. विभागातली पोरं कानात बोटं घालण्याचा आविर्भाव करत आणि मनातून खूश असत. दोन वर्षं ती विभागात पाय न वाजवता फिरली होती.

यादी तुकड्यातुकड्याने खाली आणायची, ही युक्ती थोरलीची. दर तुकड्याआधी खालची जागा पुसून कोरी करायची, नाही तर आधीच्या जहाजाची वजनं पुन्हा शिरतील, हे धाकटीच्या लक्षात आलं. थोरलीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे बरं केलंस." तिच्या तोंडून हे विभागात कुणी ऐकलेलं नव्हतं.

चाचणीला त्यांनी त्याच लांबलचक जहाजाची यादी घेतली. उत्तर आलं की जहाज धक्क्याच्या बाजूला कलेल, असं चढवू नका. दोघींनी ते वाचलं. कुणी टाळी वाजवली नाही. धाकटीने ते पान फाडून घेतलं आणि फाइलला लावलं.

गरुडाचं हाड जुळलं, पण खांदा पूर्वीसारखा वळेना. डॉक्टरीणबाईंनी क्रेनची शिडी चढायला कायमची मनाई केली. तो फार चिडला. त्याला नव्या चालकांना शिकवायच्या कामावर घेतलं. एका खोलीत खोटी केबिन आणि समोर पडदा होता. "सिनेमा बघायला बसवलंय मला," तो म्हणे. पण शिकवायचा चांगलं. दोर ताणला जाण्याआधी हाताला काय जाणवतं, हे त्याच्याइतकं कुणाला सांगता येत नव्हतं. तोल आणि भरणीचं नेमकं काय झालं, ते त्याला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. त्याने दोन्ही ऐकून घेतलं. "माझा राग नाही," तो बायकोला म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आहे थोडा. जाईल." तो जायला बरेच दिवस लागले.

पुढच्या वर्षी थोरली निवृत्त झाली. निरोपाचं भाषण तिने करू दिलं नाही. तोल उसवून एकतीस बिटी करायचं काम धाकटीकडे आलं. ती एकेक खूण पत्त्यावरून उचलून वेगळ्या जागी ठेवत गेली आणि अडलं की थोरलीला घरी फोन करी.

थोरली फोन उचलून आधी विचारायची, "काम की घर?"

"काम."

"थांब मग, चष्मा घेते."

असं महिनोन्‌महिने चाललं. काम सोडून दुसरं बोलणं क्वचितच होई. थोरली कधी जेवायला येई, भावाशी गप्पा मारी, भांडी विसळून ठेवी आणि वेळेवर निघे. जुन्या गोष्टी कुणी काढत नसे.

मग एकदा रविवारी दुपारी फोन आला.

"काम की घर?" थोरलीने विचारलं.

"घर," धाकटी म्हणाली.

"बोल."

"खांद्याचे व्यायाम करतच नाहीये. मी सांगून थकले. नुसता हो म्हणतो आणि पेपर वाचत बसतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच केलं तर हात वर जाणार नाही."

"आता कुठे आहे?"

"इथेच. समोर."

"त्याला फोन दे," थोरली म्हणाली. धाकटीने तो नवऱ्याच्या कानाला लावला आणि जरा लांब उभी राहिली. नणंदेचा आवाज तिथवरही स्वच्छ ऐकू येत होता.